वरच्या आळीचं फिनलंड

आमच्या गावात वरची आळी फिनलंडची आणि खालची आळी स्वीडनची. असं सांगितलं की लोक हसतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. कळंबच्या पुढचं भातशेतीचं गाव. इथे बर्फ बघायला मिळायचा तो लग्नातल्या सरबतात, नाहीतर मासेवालीच्या टोपलीत. तरीही अजून गावच्या क्रिकेटच्या सामन्यात खालच्या आळीची पोरं जिंकायला लागली की एखादा म्हातारा कडेने ओरडतोच, “अरे, हे स्वीडनवाले परत शेवटाला मारनार!” ओरडणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक असतो, खेळणाऱ्या पोरांना नसतो. त्यातली निम्मी तेव्हा जन्मलीही नव्हती.

गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतली एक नवी मुलगी डबा खाताना फोनवर आइस हॉकी बघत होती. सहज हाताला लागलं म्हणून. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. केवढं स्वच्छ चित्र! बर्फावरचे ओरखडे दिसत होते, खेळाडूच्या दाढीतला घाम दिसत होता. ती काळी चकती, जिच्यासाठी ही सगळी धावाधाव, तीसुद्धा दिसत होती. मला एकदम वाटलं, हे बाबांना दाखवायला हवं होतं. बाबा आता नाहीत. त्यांनी तो खेळ आयुष्यात एकदाच बघितला, तोही अर्धाच, आणि त्यात चकती काही त्यांना दिसली नाही.

मी घरातली पहिली पदवीधर. कर्जतच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. प्रवेशाच्या दिवशी बाबा माझ्याबरोबर आले होते, पण फाटकाच्या आत आले नाहीत. पालकांना आत सोडत नसावेत असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी बाहेर येईपर्यंत ते उन्हात उभे होते आणि आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो, “बसायला बाकडी हायत ना?” बाबा शाळेत फार शिकले नव्हते, पण पंचक्रोशीत त्यांना मान होता तो कबड्डीचे पंच म्हणून. भाताची कापणी झाली की रिकाम्या शेतात मैदानं आखली जात आणि गावोगावची बोलावणी बाबांना येत. शिट्टी त्यांच्या गळ्यात असली की भांडणं कमी होतात, असं लोक म्हणत.

पदवीनंतर मला खालापूरजवळच्या एका कागदाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली. सकाळी गावातून सहा आसनी रिक्षाने कर्जत, आणि चारफाट्यावरून कंपनीची बस. मी गेले त्याच वर्षी कारखान्यात नवीन यंत्र बसत होतं. यंत्र फिनलंडहून आलेलं आणि त्यावरची मोजमापाची, नियंत्रणाची सगळी व्यवस्था स्वीडनची. म्हणून दोन इंजिनियर आले होते. फिनलंडचे वयाने मोठे, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांना कामगार थोरले साहेब म्हणत. स्वीडनचे चाळिशीतले, सतत शीळ घालणारे. ते धाकटे साहेब. दोघांचं काम एकमेकांवाचून अडायचं आणि दोघांचं दिवसातून एकदा तरी वाजायचं.

माझं काम होतं यंत्रावरून उतरलेल्या कागदाच्या पट्ट्या कापायच्या, त्या ताणून फाडायच्या आणि किती ताण सोसला ते सांगायचं. कागद कमी ताणाला फाटला की थोरले साहेब म्हणत, “यंत्र बरोबर आहे. स्वीडनचं मोजमाप चुकतंय.” धाकटे साहेब म्हणत, “मोजमाप बरोबर आहे. फक्त फिनलंडला हरायची सवय आहे.” मग दोघं हसत. पण थोरल्या साहेबांचं हसू जरा उशिरा यायचं.

एकदा चहाच्या वेळी थोरल्या साहेबांनी रद्दी कागदावर मैदान काढून मला आइस हॉकीचा खेळ समजावला. बर्फाचं लांबट मैदान, पायात धारदार पात्यांचे बूट, हातात वाकड्या काठ्या, आणि चेंडूऐवजी कडक रबराची चकती. मग बोलता बोलता ते स्वतःच्याच आठवणींत गेले. स्वीडन म्हणजे मोठा शेजारी. काही शतकं त्यांनीच राज्य केलेलं. “आमच्याकडे मूल चालायला शिकतं आणि मग स्वीडनला हरवायला शिकतं,” ते म्हणाले. जागतिक अजिंक्यपद फिनलंडने पहिल्यांदा जिंकलं ते स्वीडनच्या राजधानीत, स्वीडनलाच हरवून. त्या दिवशी त्यांच्या गावातली लाजाळू म्हणून प्रसिद्ध असलेली माणसं रस्त्यावर येऊन अनोळखी लोकांना मिठ्या मारत होती. आणि दुसरा एक सामना, आपल्याच घरी, पाच-एकने पुढे असताना हरलेला. तो सांगताना त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. “पाच-सहा,” एवढंच म्हणाले. तेवढ्यात धाकटे साहेब आत आले, कागदावरचं मैदान बघून म्हणाले, “त्या सामन्याबद्दल चाललंय का? मी पुन्हा सांगतो, मला फार आवडतो तो.”

त्याच दिवसांत मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. नवीन यंत्राबरोबर प्रयोगशाळेतल्या एकाला फिनलंडला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं होतं. थोरल्या साहेबांनी माझं नाव सुचवलं होतं. महिनाअखेरपर्यंत घरून विचारून सांग, मॅनेजर म्हणाले. जमत नसेल तर दुसरा मुलगा तयार आहे. मी त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसले होते, पण बाहेरचं काही दिसलं नाही. कर्जत ओलांडून मुंबईला जातानासुद्धा आमच्याकडे चार जणांना विचारावं लागे. आणि हे तर समुद्रापलीकडचं.

बाबा गोठ्यात होते. मी सांगितलं.

“तिकडं कोन हाय आपलं?”

“कंपनीची माणसं असतील, बाबा.”

“कंपनीची मानसं म्हंजे कोन? एक तरी मी बघितलाय का?”

“दोघं इथंच आहेत. खालापूरला.”

“इथं समदेच ग्वाड असतात. पावण्या गावात कोन वाईट वागतो?” मग गवताची पेंढी सोडत म्हणाले, “बघू.”

आमच्या घरात बघू म्हणजे नाही. आईनेही मानेनेच सांगितलं, आता विषय वाढवू नको. मी वाढवला नाही. पण झोप लागेना. बाबांनी मला कॉलेजात घातलं तेव्हा भावकीत किती ऐकून घेतलं होतं, ते मला माहीत होतं. त्यांच्या पुढे हट्ट करायला तोंड नव्हतं आणि जायची इच्छा तर सोडवत नव्हती.

हिवाळी ऑलिंपिक चालू होतं, इटलीत. आणि नेमके आइस हॉकीच्या अंतिम सामन्यात फिनलंड आणि स्वीडनच पोहोचले. कारखान्यात त्या आठवड्यात काय वातावरण होतं! दोघं साहेब एकमेकांशी फक्त कामाचं बोलू लागले, आणि तेही सभ्यपणे. ते जास्त भीतिदायक होतं. सामना रविवारी, आपल्या संध्याकाळी. पण बघायचा कुठे? गेस्टहाउसच्या टीव्हीवर ते चॅनेल नव्हतं, कळंबच्या रिसॉर्टवाल्यांनाही विचारून झालं. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “माझ्या चुलतभावाचं केबल आहे. त्याच्याकडे मोठी छत्री आहे.”

छत्री म्हणजे गच्चीवरची जाळीची भलीमोठी डिश. ती फिरवली की कधी कधी रशियाचं एक फुकट चॅनेल लागतं, असं तो फुशारकीने सांगायचा. त्याच्यावर ऑलिंपिक दिसत होतं. अडचण एकच. ती छत्री फिरवली की गावाला त्यावर येणारी सगळी चॅनेलं बंद होणार होती, त्यात रविवार संध्याकाळचा मराठी सिनेमा.

“गाव मारंल मला,” भाऊ म्हणाला.

“आपले पाहुणे आहेत रे.”

“पावणे तुजे, शिव्या मला.”

बाबांना विचारलं तर म्हणाले, “घरी येतो म्हनतात तर आन. पोपटी लावू. शेवटच्या शेंगा हायत.” पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भरून जाळावर भाजायच्या, आमच्याकडचा थंडीतला बेत. पाहुणा नको म्हणायची रीतच नव्हती. मला मात्र कळत होतं की बाबा आता त्या दोघांना नीट बघणार आहेत. आणि त्या बघण्यावर माझं सगळं अवलंबून आहे. साहेबांना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते गोड वागले असते, आणि गोड वागण्याबद्दल बाबांचं मत मी ऐकलं होतं.

रविवारी दुपारी कंपनीची गाडी आली. धाकटे साहेब छत्रीचं कळताच तडक भावाच्या गच्चीवर चढले. भावाचं घर खालच्या आळीत. वर भाऊ पाना घेऊन, त्याच्याशेजारी धाकटे साहेब, खाली टीव्हीसमोर त्याची आई. “आलं! ...गेलं! ...अरे थांब, आलं होतं! ...मुंग्या! ...आलं, आलं!” चित्र लागलं तेव्हा अख्ख्या खालच्या आळीने टाळ्या वाजवल्या आणि धाकटे साहेब त्या क्षणापासून त्यांचे झाले. थोरले साहेब आमच्या अंगणात बाजेवर बसले होते, वरच्या आळीत. त्यामुळे ते आमचे. दोन्ही आळ्यांची कबड्डीतली चुरस आधीपासूनची होती. तिला नुसतं नवं नाव मिळालं.

सामना सुरू व्हायच्या वेळी आमचं अंगण भरून गेलं. घरोघरी टीव्हीवर तेच चालू होतं, दुसरं काही येतच नव्हतं, पण थोरले साहेब आमच्याकडे होते. सिनेमा गेला म्हणून चिडलेल्या बायका पुढेच बसल्या.

“चेंडू कुठं हाय गं?”

“चेंडू नाही काकी, चकती असते.”

“मंग ती कुठं हाय?”

चित्रात रंग नव्हता आणि मुंग्या होत्या. चकती दिसतच नव्हती. समालोचन रशियन भाषेत, ते थोरल्या साहेबांनाही नीट कळत नव्हतं. एक संघ गडद दिसत होता आणि एक फिका. “आपले कुठले ते दाखवा सायेब,” कोणीतरी म्हणालं आणि साहेबांनी पुढे होऊन काचेवर बोट ठेवलं. मग गावाने स्वतःची युक्ती काढली. चकती शोधायची नाही, माणसं जिकडे धावतील तिकडे बघायचं.

एका खेळाडूला बाहेर काढून काचेच्या खोक्यात बसवलं तेव्हा सगळे चक्रावले. मी साहेबांना विचारून सांगायच्या आत बाबाच मागून बोलले, “बाद झाला तो. आता बसंल बाहेर, आनि मंग परत जिवंत व्हनार.” साहेबांना मी इंग्रजीत सांगितलं की माझ्या वडिलांच्या मते हे कबड्डीसारखं आहे. ते म्हणाले, “कोणी सोडवायची गरज नसते, वेळ संपली की येतो. पण बाकी बरोबर.” बाबांनी मान डोलावली. त्यानंतर लोक साहेबांना सोडून बाबांनाच नियम विचारायला लागले, आणि बाबा बिनदिक्कत सांगत होते. निम्मं चूक असावं.

पहिला गोल फिनलंडने केला. थोरले साहेब बाजेवरून उठले, आणि कोणाला मिठी मारावी ते न समजून शेजारच्या खांबाला धरून उभे राहिले. मग स्वीडनने दोन केले. खालच्या आळीची पोरं पिंप बडवत आमच्या दारावरून गेली. “ए फिनलंड! जेवायला वाढायला ये रं!” आमच्याकडे रीतच आहे, दोन आळ्यांच्या सामन्यानंतर हरलेल्या आळीने जिंकलेल्यांना वाढायचं आणि टोमणे खाली मान घालून ऐकायचे. धाकटे साहेब त्या पोरांच्या मागोमाग अंगणात आले, अर्थ न कळता तेही “ए फिनलंड!” म्हणत होते. तेवढ्यात फिनलंडने बरोबरी केली. दोन-दोन. पुढच्या बसलेल्या काकी सिनेमा विसरल्या होत्या. तिसरा आणि शेवटचा भाग तेवढा उरला होता. मधल्या सुट्टीत बाबांनी अंगणाला लागूनच शेताच्या कडेला लावलेल्या पोपटीच्या मडक्यावर पाण्याचा थेंब टाकून शिजलंय का ते बघितलं आणि आणखी थोडा जाळ सरकवला.

आणि लाइट गेली.

लोडशेडिंगची वेळ ती नव्हती. वायरमनला दोनदा विचारून ठेवलं होतं. गावभरातून एकच “अरेरेरे” उठलं, त्यात बायकांचे आवाज जास्त. काळोखात फक्त मडक्याभोवतीचा जाळ.

थोरले साहेब खिशातून फोन काढून इकडेतिकडे फिरू लागले. आमच्याकडे तेव्हा रेंज मिळायची ती फक्त देवळामागच्या बांधावर. मी त्यांना तिकडे नेलं, आणि आमच्यामागून सगळं अंगण आलं, खालच्या आळीची माणसंही. त्यांनी फिनलंडमधल्या आपल्या भावाला फोन लावला. भाऊ तिकडे आपल्या घरी टीव्हीसमोर. तो त्यांच्या भाषेत सांगणार, साहेब मला इंग्रजीत सांगणार आणि मी गावाला मराठीत. धाकट्या साहेबांच्या फोनला तिथेही रेंज नव्हती, आणि फिनलंडची भाषा त्यांना अजिबात कळत नसे. शेजारी असूनही त्या भाषेत काही साम्य नाही म्हणे.

“खेळ पुन्हा सुरू झाला,” साहेब म्हणाले. मी सांगितलं.

आणि लगेच ते थांबले. फोन कानाला तसाच. फोनच्या हिरवट उजेडात त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता. पलीकडून कोणीतरी भराभर बोलत होतं ते मला ऐकू येत होतं.

“काय झालं गं?” मागून कोणीतरी विचारलं. “बोल की.”

मला काय माहीत? त्या अंधारात, त्या बांधावर, काय घडलं ते एकाच माणसाला माहीत होतं. लाइन तुटली म्हणाले असते तर आम्ही मानलं असतं. अजून काही नाही म्हणाले असते, बरोबरी होईपर्यंत वाट बघितली असती, तरी कोणाला कळणार नव्हतं. त्यांनी फोन कानापासून काढला, अंधारात धाकट्या साहेबांना शोधलं आणि मला सांगायच्या आधी त्यांना सांगितलं, “गोल. तुमचा. तीन-दोन.”

“एवढ्यात? आत्ता तर सुरू झाला! चेष्टा करतोयस?”

“नाही. सुरू होताच केला. चांगला होता म्हणे.”

मी मराठीत सांगितलं. खालच्या आळीने जो गलका केला त्याने देवळातली वटवाघळं उडाली. आमच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, “कशाला सांगितलंनी लगेच? जरा थांबायचं!” तेव्हा बाबा शांतपणे बोलले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण पंचाचा आवाज लोक ऐकतात. “अंधार पडल्यावर खेळताव ना तुमी? पंचाला काय दिसतं तवा? अंग लागलं का नाय ते ज्याला लागलं त्यालाच ठावं. हा आपनहून बाहेर गेला.”

उरलेला सामना मी सांगितला. असं म्हणायला आता संकोच वाटतो, पण खरंच मी सांगितला. साहेब दोन शब्द बोलत, मी त्याचे चार करी. इंग्रजी शब्दांना मराठी सापडेना तेव्हा कबड्डीचे घेतले. “आपल्यांची चढाई... कोपऱ्यात पकड... सुटला... परत चढाई...” खालच्या आळीची एक म्हातारी मागून ओरडली, “जोरात बोल गं, इकडं ऐकू येत नाय!” मी आवाज चढवला. गावासमोर असं मोठ्याने मी आधी कधी बोलले नव्हते. मुलींनी बोलायची पद्धतही नव्हती. मध्येच एकदा मी फिनलंडऐवजी ‘आपण’ म्हणून गेले आणि दोन्ही साहेब सोडून सगळ्यांना ते कळलं.

अगदी शेवटी एक संधी आली. साहेबांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. समोर स्वीडनची जाळी होती. “मारला...” ते म्हणाले, मी “मारला!” म्हणाले, आणि वरच्या आळीने श्वास रोखला. “अडवला,” ते म्हणाले. “काठीने.” पाठोपाठ पलीकडून, इतक्या लांबून, एक लांब भोंगा ऐकू आला. संपलं होतं.

साहेबांनी भावाशी दोन वाक्यं बोलून फोन बंद केला. धाकटे साहेब पुढे आले. आठवडाभर जे चिडवणं साठवून ठेवलं असेल ते सगळं त्यांच्या तोंडावर होतं, आणि त्यांनी ते गिळलं. नुसता हात पुढे केला. थोरल्या साहेबांनी तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

जाळ बाजूला करून बाबांनी मडकं उघडलं. मडक्यात कोंबलेल्या भांबुर्डीच्या पाल्याचा वास सुटला. शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी, सगळं पत्रावळींवर पडलं. खालच्या आळीची माणसं रीतीप्रमाणे ओळीने बसली आणि हाका मारायला लागली, “फिनलंड, शेंगा आन रं! फिनलंड, मीठ कमी हाय!” थोरल्या साहेबांनी मला विचारलं, हे काय म्हणतायत? मी रीत सांगितली. ते उठले, टोपली घेतली आणि ओळीत वाढायला लागले, धाकट्या साहेबांपासून. हात भाजत होते. एका पोराने “अजून!” म्हणून दोनदा फसवलं, तरी त्यांनी दोन्ही वेळा वाढलं. हसले मात्र नाहीत. हसण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं आणि ते दाखवायलाही ते गेले नाहीत. बाबा जाळाजवळ उभे राहून हे सगळं बघत होते.

लाइट आली नाही. लोक पांगले. धाकटे साहेब माझ्या चुलतभावाबरोबर छत्री पुन्हा जागेवर आणायला गेले, बॅटरीच्या उजेडात. अंगणात बाबा, थोरले साहेब आणि मी राहिलो. आई दारात कंदील घेऊन उभी होती.

बाबांनी मला जवळ बोलावलं. “इचार त्यांना. आज हरलं. उद्या काय करनार?”

मी विचारलं. साहेब म्हणाले, “सकाळी कामावर. यंत्राच्या कागद वाळवायच्या भागातलं काम राहिलंय. आणि तो स्वीडनवाला दिवसभर मला चिडवणार आहे, ते ऐकायचं.”

मी सांगितलं. बाबा “हं” म्हणाले. शेंगेचं साल सोलून त्यातला दाणा बाजूला ठेवला.

“आता हे इचार. तिकडं हिला एकटं वाटलं तर?”

मला स्वतःबद्दलच विचारायचं होतं. मी इंग्रजीत ‘तिला’ म्हणूनच विचारलं, जणू दुसरीच कोणी मुलगी होती.

“वाटेल,” ते म्हणाले. “हिवाळ्यात आमच्याकडे दिवस फार लहान असतो. लोक कमी बोलतात. मला इथे एकटं वाटतं, तिला तिथे वाटेल. माझं घर त्याच गावात आहे. माझी बायको तिला बोलावील, जेवू घालील. पण एकटं वाटणार नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही.”

शेवटचं वाक्य नाही सांगितलं तर काय होईल, असं एकदा मनात आलंच. बायको बोलावील, जेवू घालील, इथेच थांबलं तरी पुरे होतं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. पण बांधावरून येऊन अजून रात्रही उलटली नव्हती. मी सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट.

बाबांनी जाळातला एक निखारा काटकीने आत सारला. आईने कंदिलाची वात थोडी कमी केली. खालच्या आळीतून चुलतभावाचा आवाज आला, “आलं! ...गेलं!” आणि मग लक्षात आलं असावं की लाइटच नाही, कारण तिकडे सगळे हसले.

“पासपोर्टाला काय काय लागतं?” बाबा म्हणाले.

मी साहेबांकडे वळून ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, आणि मग कळलं की हा प्रश्न मला होता.